संस्थेच्या घोडीचे गुडघे

माझं लग्न ठरलं तेव्हा वडलांना सांगितलं होतं की मुलगा गावच्या सहकारी सोसायटीत सेक्रेटरी आहे आणि जाण्यायेण्याला वाहन आहे. यातलं काहीच खोटं नव्हतं. चौसाळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात मी नांदायला आले, तर वाहन दारात बांधलेलं होतं आणि माझा पदर हुंगत होतं.

घोडी कुमैत होती, म्हणजे अंगानं तांबूस आणि आयाळ-शेपूट काळी. ती आमची नव्हती, सोसायटीची होती. सोसायटीत गाव आणि डोंगराकडच्या सगळ्या वाड्या येत. कुणाला बियाणं, कुणाला खत, दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीचं वाटप, अशा कामांना सेक्रेटरीला सारखं हिंडावं लागे. सायकल काट्यांपुढे टिकत नव्हती. म्हणून भरल्या सभेत ठराव करून घोडी घेतलेली. त्यामुळे ती प्रत्येक सभासदाची होती. सकाळी मी अंगण झाडत असले की कुणीतरी यायचं, तिचा ओठ वर करून दात बघायचं आणि समाधानानं निघून जायचं. एक म्हातारे सभासद तर रोज येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहायचे. मी चहाचं विचारलं की म्हणायचे, "न्हाई पोरी, माझ्या हिश्श्यापाशी थांबलोय." एकदा दोन सभासदांचं तिच्यावरून वाजलं. एक दुसऱ्याला म्हणाला, "तुझा हिस्सा शेपटीकडं बे, तू कावून लगाम धरतूस?"

आमचे हे स्वभावानं गरीब आणि अंगानं भारी. घोड्यावर बसण्याची त्यांना भीती वाटायची. पण नोकरी होती. रोज सकाळी रिकिबीत पाय घालण्याआधी ते घोडीच्या कानात काहीतरी बोलायचे. काय बोलता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माफी मागतो."

मग लागोपाठ पाऊस हुकला. पालीकडून येणारी माणसं सांगायची की तिथल्या धरणाच्या तळाला भेगा पडल्यात, पाय आत जातो. गुरांसाठी छावणी निघाली. आमच्याकडे कडबा संपत आलेला, म्हणून हे घोडीला घेऊन छावणीवर गेले आणि तिला घेऊन परत आले.

"काय झालं?"

"ते म्हन्ले, छावणी गुरांची हाय. घोडी गुरात बसत न्हाई."

"मग कशात बसती?"

"ते वरून कळवतील म्हन्ले."

वरून काही कळलं नाही. घोडी आमच्यात बसली. आम्ही खायचो ते ती खायची. दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे पीठ-गुळाचा कोरडा खाऊ, वाटत, ती शेजारीण पदरात बांधून मला थोडी आणून द्यायची. घोडीला ती इतकी आवडली की शेजारणीचं पाऊल वाजलं तरी खिंकाळायची.

दुष्काळी काम म्हणजे आमच्या गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता. तो आमच्या चेअरमननी खटपट करून आणला होता. चेअरमन म्हणजे गावातले मोठे जमीनदार, मिशा पांढऱ्या, फेटा कायम कडक. त्यांच्यापुढे आमचे हे उभे राहिले की अर्धे दिसत. गावातल्या बाया-माणसांनी खडी फोडली, रस्त्यावर पसरली. आता वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवून दबाई करायची, एवढंच राहिलेलं. रोलरही आला. येऊन वेशीजवळ उभा राहिला, कारण मारायला पाणी नव्हतं. दुष्काळ होता म्हणून रस्ता निघाला, आणि दुष्काळ होता म्हणून रस्ता होईना.

फोडलेल्या खडीचा तो नुसता ढीग होता, लांबच लांब. त्यावरून चालणं म्हणजे सुपारीच्या पोत्यावरून चालणं. सगळे त्याच्या कडेनं, मऊ मातीतून चालत. बैलगाड्या कडेनं जात. घोडीही कडेनं जायची. कुणाची काही तक्रार नव्हती, तोवर एका सकाळी चेअरमननी ते पाहिलं.

ते तसेच आमच्या अंगणात आले.

"सेक्रेटरी, रस्ता कुनी आनला?"

"तुमी, मालक."

"घोडी कुनाची?"

"सोसायटीची."

"सोसायटीचा चेअरमन कोन?"

"तुमीच की."

"मग माजी घोडी माजा रस्ता सोडून काट्याकुट्यातून कावून चालती? विरोधी पार्टी काय म्हनंल?"

विरोधी पार्टी म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे. ते आणि चेअरमन एकाच पंगतीत जेवायचे आणि सभेत एकमेकांना पाण्यात पाहायचे.

"मालक, खडीवर तिचा पाय ठरत न्हाई," हे कसेबसे म्हणाले.

"सवय न्हाई तिला. सवय लावा."

त्या दिवसापासून घोडी रस्त्यानं निघाली. पहिल्याच फेरीत ओढ्याच्या उताराला ती ठेचकाळली आणि दोन्ही गुडघ्यांवर आली. हे तिच्या मानेवरून पुढे गेले, पण आयाळ धरून लोंबकळले म्हणून वाचले. घरी आले तेव्हा घोडीच्या गुडघ्यांची कातडी सोलून निघालेली आणि ह्यांच्या डोळ्यात पाणी. मी हळद-तेल लावलं. घोडी मान वळवून माझ्याकडे बघत होती, जसं काही रस्ता मीच आणला होता.

चौसाळ्याच्या नालबंदाकडे नेलं. त्यानं नाल बदलून दिले आणि हात झटकले. "नाल मेरा काम, घुटना अल्ला का." बीडच्या ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं, मऊ जागेतून न्या, दौडवू नका, उतार आला की खाली उतरा, लगाम ढिला सोडून तिला मान घालून जमीन बघू द्या. आणि एकदा गुडघा फुटलेलं जनावर पुन्हा तिथंच पडतं, तेव्हा जपा.

ह्यांनी हे चेअरमनला जाऊन सांगितलं. चेअरमन म्हणाले, "डाक्टरला रस्त्यातलं काय कळतंय?"

मग ह्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. उतार आला की खाली उतरायचे. आमचा रस्ता डोंगराकडचा, सगळा चढ नाहीतर उतार. उताराला घोडीचे गुडघे जपायचे, आणि चढाला ती दमली असेल म्हणून उतरायचं. असं करता करता ते सबंध वाट चालू लागले. पुढे सेक्रेटरी घामाघूम, मागे घोडी रिकामी. वाडीवरची माणसं विचारायची, "सायेब, घोडीला कुटं घिऊन चाललाव?" हे म्हणायचे, "कामावर."

त्यांचे पाय रोज संध्याकाळी मीच चेपत होते. तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी शिवलं पाहिजे.

माहेरून आणलेलं हातशिलाईचं मशीन माझ्याकडे होतं. खोगिराखालचा जुना नमदा होता, म्हणजे लोकरीचं जाड दाबलेलं कापड. त्याच्या दोन वाट्या कापल्या, गुडघ्यावर बसतील अशा. वरून मजबूत कापड हवं होतं. घरात तसं एकच होतं. सोसायटीच्या उद्घाटनाला वेशीवर बांधलेला फलक, पोत्यासारखा जाड, घडी करून पेटीच्या तळाशी पडलेला. "ह्याचं आता काय काम?" असं हेच म्हणाले. मी कात्री लावली. कुठे विरलंय आणि कुठे सलग आहे एवढंच पाहिलं, अक्षरांकडे काही पाहिलं नाही.

पहिल्या खेपेला वरचा आणि खालचा, दोन्ही बंद घट्ट बांधले. घोडीला गुडघाच मोडता येईना. ती चार काठ्यांवर उभ्या केलेल्या बाजेसारखी चालायला लागली आणि अंगणाच्या मध्यावर जाऊन थांबली. दुसऱ्या खेपेला दोन्ही बंद ढिले ठेवले. गाद्या घसरून खुरांशी जाऊन बसल्या, शाळेतल्या पोरांचे मोजे घसरतात तशा. घोडीला विचारून तर कळत नव्हतं की कुठे टोचतं, कुठे आवळतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"घडीभर."

"अगं, मी सेक्रेटरी हाय."

"म्हणूनच. तुमाला नीट सांगता येईल."

दार लोटून घेतलं. ह्यांनी धोतर वर खोचलं, मी त्यांच्या गुडघ्यांना गाद्या बांधल्या आणि ते अंगणात हातापायांवर रांगायला लागले. घोडी कान टवकारून बघत होती. मी विचारत होते आणि ते सांगत होते.

"वरचा बंद?"

"घट्ट राहू दे. पन रक्त अडतंय. लवचिक कायतरी लाव."

"आणि खालचा?"

"त्यो ढिला सोड. ढिला सोडला की मोडतो बघ पाय. हं, आता बरं हाय. आता पळतो."

आणि खरोखरच ते तुळशीला वळसा घालून भराभर रांगत गेले. त्यांना त्यात जरा मजा वाटायला लागली होती, असं मला आजही वाटतं. तेवढ्यात दार ढकलून चेअरमन आत आले, मागे दोन संचालक. हे तुळशीशी चौपायी थांबले. मी डोक्यावर पदर घेतला.

"सूनबाई," चेअरमन शेवटी म्हणाले, "ह्येला काय झालं?"

"काही न्हाई मामा. घोडीचं माप घेतलं."

चेअरमननी ह्यांच्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, आणि आले तसे बाहेर गेले. कशासाठी आले होते ते आम्हाला कधीच कळलं नाही.

वरच्या बंदाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा शिवला. खालचा बंद दोन बोटं ढिला ठेवला. घोडी झकास चालली. ठेचकाळली तरी गादीवर यायची आणि उठायची. ह्यांनीही चढाला तिच्यावर बसायला सुरुवात केली. आठवडाभर घरात सुख होतं.

मग चेअरमनचे मेहुणे, म्हणजे विरोधी पार्टी, पारावर उभे राहून मोठ्यानं वाचायला लागले.

फलकावर लिहिलेलं होतं 'विना सहकार नाही उद्धार'. मी जो सलग भाग कापला होता, त्यातला 'नाही' घोडीच्या उजव्या गुडघ्यावर गेलेला आणि 'उद्धार' डाव्या. घोडी पावलं टाकत यायला लागली की समोरून दिसायचं, नाही, उद्धार, नाही, उद्धार. दुष्काळानं करपलेल्या वाड्यांमधून आमचे हे आठवडाभर तेच सांगत फिरले होते. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी न येणाऱ्यांना सांगितलं. एका वाडीवर तर म्हणे ज्वारीच्या वाटपाला माणसं आलीच नाहीत. सोसायटीच्या घोडीनंच सांगितलंय, मग जायचं कशाला?

चेअरमन पुन्हा आले. या वेळी दार वाजवून आले.

"सूनबाई, ह्ये मेव्हण्यानं शिवाया लावलं का तुला?"

"न्हाई मामा. कापड सलग होतं म्हणून."

"उलटं बांध."

उलटं म्हणजे त्यांच्या मनात कापड आतून बाहेर होतं. ह्यांनी गाद्यांची अदलाबदल केली. आता 'उद्धार नाही' झालं. चेअरमन खाली बसले. मी म्हटलं, वरून दुसरं कापड शिवते. पण चेअरमनला ते पटेना. झाकलं तर मेहुणा म्हणणार, झाकलं. बराच वेळ विचार करून त्यांनी निर्णय दिला.

"राहिलेले दोन शब्द मागच्या पायाला बांधा. समदं वाक्य पुरं होतंय."

"मालक, मागच्या पायाला गुडघा नसतो तसा," हे म्हणाले. "तिथं टाचेचा सांधा असतोय, मागं वळलेला."

"सोसायटीच्या घोडीला असंल."

मी निमूट 'विना' आणि 'सहकार' शिवले. सगळा वाद ऐकायला अंगणात माणसं जमलेली. घोडी मोठी शहाणी, 'विना' तिनं बांधून घेतला. 'सहकार' बांधताना मात्र तिनं पाय झाडला. गादी ह्यांच्या हातातून सुटली, उडाली आणि चेअरमनच्या फेट्यावर जाऊन बसली. मेहुणे तिथंच होते. ते म्हणाले, "दाजी, काढू नगा. शोभतंय." चेअरमन त्या दिवशी हसले असते तर पुढचं राजकारण वेगळं झालं असतं. पण ते हसले नाहीत. गादी खाली टाकून, फेटा धरून घरी गेले. मागच्या दोन्ही गाद्या मी खुंटीला टांगल्या, घोडी पूर्वीसारखीच 'नाही उद्धार' लेवून फिरत राहिली आणि हळूहळू लोक ते वाचेनासे झाले.

शेजारीण मात्र एका संध्याकाळी येऊन गाद्या चाचपून गेली. रोलर थांबलेला, तरी हजेरी चालू राहावी म्हणून मोठी खडी पुन्हा बारीक फोडायचं काम चाललं होतं. दिवसभर त्या खडीवर गुडघे टेकून बसायचं, तर तिचे गुडघे घोडीपेक्षा वाईट झालेले. "आमाला बी शिव की गं," ती म्हणाली, "आमी काय उडवनार न्हाई." मी पोत्याच्या, घोंगडीच्या, मिळेल त्या चिंध्यांच्या गाद्या शिवायला लागले. दुपारी सुट्टी झाली की बाया तशाच गाद्या बांधून घरी यायच्या, आणि आमची घोडी त्यांच्याकडे आपल्यातलं कुणी आल्यासारखी बघायची.

त्याच सुमाराला रस्ता का पुरा होत नाही ते बघायला बीडहून एक साहेब आले. तरुण होते, टेरिलीनची फिकट पॅन्ट, पायात चकचकीत बूट. त्यांची जीप आमच्या खडीवर चढली आणि थोड्याच वेळात टायर फाटलं. दुसरं चढवलं, तेही फाटलं. साहेबांना ओढ्यापर्यंत जायचंच होतं. चेअरमन म्हणाले, "साहेब, घोडी हाय." ह्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी घोडी आणली.

साहेबांनी बसण्याआधी वाकून गुडघे बघितले. "हे काय लिहिलंय?"

"घोषणा हाय साहेब," चेअरमन म्हणाले. "अर्धी."

साहेब बसले. ह्यांनी मागून सांगितलं की ओढ्याच्या उताराला खाली उतरा. साहेबांनी मान हलवली, पण चेअरमन शेजारून चालत रस्त्याचं कौतुक सांगत होते, त्यात उतार आला कधी ते कळलंच नाही. घोडी ठेचकाळली, दोन्ही गुडघ्यांवर आली आणि उठून अंग झाडून उभी राहिली. साहेब तिच्या कानांवरून पुढे गेले आणि तेही दोन्ही गुडघ्यांवर आले. खडी फोडणाऱ्या बायांनी हातोड्या थांबवल्या. कुणी हसलं नाही. मग शेजारीण हसली, आणि मग थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

साहेबांना आमच्या ओट्यावर आणलं. पॅन्ट दोन्हीकडे फाटलेली, गुडघ्यांतून रक्त. मी हळद लावली.

"घोडीला लागलं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"न्हाई साहेब. तिला बांधलेलं हाय."

साहेबांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणखी आहे का?"

घरात खुंटीवरच्या त्या दोनच गाद्या होत्या. हळदीवर फडकं ठेवून त्यावर मी त्या बांधल्या, वर घट्ट, खाली ढिल्या. जीप निकामी झालेली, म्हणून साहेब हायवेपर्यंत घोडीवरच निघाले. ह्यांनी लगाम धरला आणि या वेळी चेअरमनसुद्धा बोलले नाहीत, घोडी रस्त्याच्या कडेनं, मऊ मातीतूनच नेली. साहेबांच्या गुडघ्यांवर 'विना सहकार' आणि खाली घोडीच्या गुडघ्यांवर 'नाही उद्धार'. मेहुण्यांनी पारावरून अख्खं वाक्य वाचलं आणि ते खाली उतरून घरी गेले.

थोड्याच दिवसांत रस्त्यावर मारायला पाण्याचा टँकर आला. गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. रस्त्याचा मात्र रोज यायला लागला. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं नळ सोडला, आणि रोलर हलायच्या आत बाया हंडे घेऊन आडव्या झाल्या. गुडघ्याला गाद्या बांधलेल्या, तशाच खडीवर बसून त्यांनी पाण्याखाली हंडे धरले.

"ए बायांनो, हे प्यायचं पानी न्हाई," ड्रायव्हर ओरडला. "रस्त्याचं हाय!"

"रस्ता काय तहानलाय व्हय रं?" शेजारीण म्हणाली.

मीही हंडा भरला. अर्धा घरात ओतला आणि अर्धा घोडीला पाजला. ती पाण्यातून तोंडच काढेना. रोज असंच चाललं. बायांनी निम्मं भरायचं, निम्मं रस्त्याला सोडायचं. दबाई लांबली, पण झाली. पुढच्या वर्षी पाऊसही झाला, मग डांबर पडलं आणि एस्टी गावात यायला लागली.

सोसायटीनं मोटारसायकल घेतली. घोडी विकायचा ठराव सभेत आला आणि नामंजूर झाला. चेअरमन आणि मेहुणे दोघंही एकाच बाजूनं बोलले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. म्हणून घोडी आमच्याकडेच राहिली. तिला आता काम नव्हतं. फक्त संध्याकाळी विहिरीवर पाण्याला न्यायचं, आणि विहीर रस्त्याच्या पलीकडे.

डांबरी रस्ता गुळगुळीत होता. लहान पोरही त्यावर ठेचकाळलं नसतं. पण गुडघ्याला गाद्या बांधल्याशिवाय घोडी त्यावर पाऊल टाकायला तयार होईना. कडेला येऊन उजवा पाय पुढे करायची आणि थांबायची. ओढलं तरी नाही, सुकडी दाखवली तरी नाही. मग मी रस्त्याच्या कडेला खाली बसून आधी उजवी गादी बांधायची, मग डावी. पलीकडे गेलं की दोन्ही सोडायच्या, कारण मातीत तिला त्या नको असायच्या. परत येताना पुन्हा बांधायच्या.

नेमकी त्याच वेळेला बीडची एस्टी यायची. घोडीचा एक पाय रस्त्यावर, एक कडेला, आणि मी मध्ये बसलेली. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, घोडी ढिम्म. कंडक्टर दारातून वाकून ओरडायचा, "अहो बाई, गाडीला उशीर व्हायलाय!"

"व्हय, व्हय," मी म्हणायचे. "एक गुडघा राहिलाय."